उंच केलेली रँग्लर, तुटलेला शाफ्ट आणि वॉरंटीचा वाद

अमेरिकेत जीप रँग्लर घेतली की ती उंच करून घ्यायची, ही तिथल्या हौशी मंडळींची जवळजवळ रीतच आहे. उंच स्प्रिंगा, लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि ३५ इंची टायर बसतात. गाडी रुबाबदार दिसते आणि दगडधोंड्यांतून जाताना तिचं पोट घासत नाही. पुढे केव्हातरी खालून टकटक ऐकू येऊ लागते, पुढचा ड्राइव्हशाफ्ट जातो आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर भांडण जुंपतं. तिथला माणूस म्हणतो, ‘लिफ्ट किट लावलंय, वॉरंटी संपली.’ मालक म्हणतो, ‘कायदा माझ्या बाजूने आहे, दुरुस्ती फुकट करून द्यावीच लागेल.’ दोघेही ठाम असतात आणि दोघांचंही चुकतं.

आधी काउंटरवरच्या माणसाचं पाहू. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा लागू आहे. ‘आमचेच सुटे भाग वापरा, आमच्याकडेच सर्व्हिसिंग करा, नाहीतर वॉरंटी मिळणार नाही,’ अशी अट पैसे घेऊन विकलेल्या भागांसाठी कंपनीला या कायद्यामुळे घालता येत नाही. बाहेरच्या भागामुळे बिघाड झाला असं कंपनीचं म्हणणं असेल, तर ते तिने दाखवून द्यायचं असतं. या तरतुदीची अंमलबजावणीही होते. २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली ती याच मुद्द्यावर. बाहेरचे भाग बसवले तर वॉरंटी जाईल, असं कंपनीच्या वॉरंटीत सुचवलेलं होतं आणि ते तिला दुरुस्त करावं लागलं. तेव्हा उंच केलेल्या रँग्लरचा एसी बंद पडला किंवा स्क्रीन काळी झाली, तर लिफ्टकडे बोट दाखवून ग्राहकाला परत पाठवता येत नाही. तीन वर्षं किंवा ३६,००० मैलांची मूळ वॉरंटी त्या भागांसाठी तशीच चालू राहते.

आता मालकाचं. हा कायदा झाला तेव्हा डोळ्यांपुढे प्रामुख्याने बदली भाग होते, म्हणजे कंपनीच्या फिल्टरऐवजी दुसऱ्या कुणाचा, पण त्याच मापाचा फिल्टर. लिफ्ट किट तसं नाही. ते गाडीची मूळ भूमितीच बदलतं. बाहेरच्या भागामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई नाकारण्याचा हक्क त्याच कायद्याने कंपनीकडे ठेवला आहे, आणि गाडीत केलेल्या बदलांमुळे होणारं नुकसान आम्ही भरून देणार नाही, असं वॉरंटीच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलेलं असतं. प्रश्न शेवटी एवढाच उरतो, की हा विशिष्ट भाग या विशिष्ट बदलामुळे गेला का? एसीच्या बाबतीत कंपनीला असा संबंध जोडता येत नाही. ड्राइव्हशाफ्टच्या बाबतीत तो गाडी जॅकवर घेतल्या घेतल्या दिसतो. म्हणून माझं मत असं, की लिफ्टचा खर्च मांडतानाच शाफ्टचाही खर्च त्यात धरावा. तो वॉरंटीच्या खात्यात टाकून निश्चिंत राहू नये.

संबंध इतका थेट का, हे समजायला गाडीखाली शिरावं लागतं. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते आणि तिथून दोन शाफ्ट निघतात, एक मागच्या अ‍ॅक्सलकडे आणि एक पुढच्या. ट्रान्सफर केस चॅसीला पक्की बसवलेली असते. अ‍ॅक्सल मात्र चाकांबरोबर वरखाली होतो. स्प्रिंगा उंच केल्या की चॅसी वर जाते आणि अ‍ॅक्सल तिथेच राहतो, त्यामुळे मधला शाफ्ट जास्त तिरका होतो. समजा शाफ्ट ७५ सेंटिमीटरचा आहे आणि गाडी १० सेंटिमीटर उचलली, तर कोनात साडेसात अंशांहून अधिक भर पडते. तोच शाफ्ट ५० सेंटिमीटरचा असेल तर भर ११ अंशांपलीकडे जाते. २००७ ते २०१८ या काळातल्या जेके पिढीच्या रँग्लरमध्ये दोन दारांच्या गाडीचा व्हीलबेस ९५.४ इंच आहे आणि चार दारांच्या गाडीचा ११६ इंच. दोन दारांच्या गाडीचा मागचा शाफ्ट त्यामुळे बराच आखूड असतो आणि तेवढ्याच लिफ्टमध्ये त्याचे हाल जास्त होतात.

कोन वाढला तर बिघडतं काय? आपल्याकडचे मिस्त्री ज्याला नुसतं ‘क्रॉस’ म्हणतात, तो युनिव्हर्सल जॉइंट तिरका फिरत असेल तर एका बाजूने एकसारखा वेग देऊनही दुसऱ्या बाजूने तो एकसारखा मिळत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढतो आणि दोनदा कमी होतो. १० अंशांच्या कोनात हा फरक सुमारे दीड टक्का असतो, २० अंशांत तो सहा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे कोन दुप्पट झाला की त्रास चौपट. शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस असतील, त्यांचे कोन सारखे असतील आणि योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत असतील, तर एकाने केलेला चढउतार दुसरा पुसून टाकतो. लिफ्टमुळे दोन कोनांचं हे जुळलेलं गणित मोडलं की थरथर सुरू होते. ती अनेकदा टायरच्या माथी मारली जाते, चाकांचं बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा होतं आणि क्रॉस मात्र झिजत राहतो.

जेकेच्या पुढच्या शाफ्टला ट्रान्सफर केसच्या टोकाशी साधा क्रॉस नसतो. तिथे झेपा पद्धतीचा जॉइंट असतो. खोबणींतून फिरणाऱ्या गोळ्यांमुळे वेग एकसारखा राहतो, थरथर होत नाही. पण हा जॉइंट ग्रीसवर जगतो आणि ते ग्रीस एका रबरी बूटमध्ये कोंडलेलं असतं. शाफ्ट फार तिरका झाला की बूटच्या घड्या एका बाजूला दाबल्या जाऊन त्याच्या धातूच्या कडेवर घासू लागतात. आधी बारीक चीर पडते. मग फिरत्या शाफ्टबरोबर ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि आजूबाजूच्या पत्र्यावर काळ्या शिंतोड्यांचा पट्टा उमटतो. जॉइंट कोरडा पडतो, आत धूळ-पाणी जातं, खोबणी खरवडल्या जातात आणि टकटक सुरू होते. त्या अवस्थेतही गाडी हमरस्त्यावर पळवत राहिलं तर जॉइंट फुटतो, आणि एका टोकाने सुटलेला शाफ्ट गिअरबॉक्सच्या कवचावर, एक्झॉस्टवर आपटत सुटतो. मग शाफ्टच्या जोडीला गिअरबॉक्सचंही बिल येतं, आणि मूळ कारण लिफ्ट ठरलं असेल तर तेही कंपनी नाकारू शकते. २०१२ पासूनच्या ३.६ लिटर पेंटास्टार इंजिनाच्या जेकेमध्ये एक अडचण आणखी आहे. तिथे एक्झॉस्टचा आडवा पाइप पुढच्या शाफ्टच्या अगदी जवळून जातो. लिफ्टनंतर चाक पूर्ण खाली लोंबलं की शाफ्ट त्या पाइपला टेकतो आणि शाफ्टच्या नळीवर घासल्याची चकचकीत रेघ उमटते. वॉरंटीच्या तपासणीला येणारा माणूस शिंतोडे आणि ही रेघ शोधतच येतो.

‘मी फोर बाय फोर लावतच नाही, पुढचा शाफ्ट कसा जाईल?’ हा प्रश्न मालक अगदी मनापासून विचारतात. जेकेमध्ये पुढची चाकं अ‍ॅक्सलपासून वेगळी करण्याची सोयच नाही. टू-व्हीलमध्ये इंजिनाची ताकद पुढे जात नसली, तरी रस्त्यावर फिरणारी चाकं अ‍ॅक्सलला आणि अ‍ॅक्सल शाफ्टला फिरवतच राहतात. ३३ इंची टायर आणि ४.१० चं अ‍ॅक्सल गुणोत्तर धरलं, तर ताशी १०० किलोमीटरला पुढचा शाफ्ट मिनिटाला सुमारे २,६०० फेरे मारतो, तेही लिफ्टने दिलेल्या नव्या कोनात. आठवडाभर ऑफिसला जाणारी आणि डोंगराचं तोंडही न पाहिलेली उंच रँग्लर बूट फाडून घेते ती अशी. २०१८ मध्ये आलेल्या जेएल पिढीत पुढचा अ‍ॅक्सल आपोआप सुटा होण्याची सोय आली, त्यामुळे तिथे टू-व्हीलमध्ये हा भार नाही. एका पिढीचा अनुभव दुसरीला लावताना हे पाहायला हवं.

‘अडीच इंचांपर्यंत काही होत नाही,’ हे वाक्य तर सगळीकडे ऐकू येतं. त्यात गोम अशी, की लिफ्टचा आकडा हा उभ्या गाडीचा असतो. बूट फाटतो तो चाक खड्ड्यात लोंबतं तेव्हा. चाक किती लोंबणार, हे ठरवतो शॉक अ‍ॅब्सॉर्बर. अडीच इंची स्प्रिंगांबरोबर खूप लांब शॉक घातले तर शाफ्ट जास्त ताणला जातो. आखूड शॉक घातले तर तो वाचतो, पण चाकाची हालचाल कमी होते. उलट, नुसती बॉडी लिफ्ट, म्हणजे चॅसी आणि बॉडीमध्ये ठोकळे घालून वर केलेली गाडी, शाफ्टच्या कोनाला हातही लावत नाही. मोठे टायरही गाडी सबंध उचलतात, त्यांनी कोन बदलत नाही. बिलावर नुसतं ‘लिफ्ट’ लिहिलेलं असतं, म्हणून नेमकं काय उचललंय ते विचारावं.

शाफ्ट गेल्यावर बाजारातून डबल कार्डन जॉइंटचा, म्हणजे दोन क्रॉस शेजारी-शेजारी जोडलेला, जाड शाफ्ट आणायचा, हा ठरलेला उपाय. तो चांगला आहे, मीही तोच सुचवेन. पण एकदा बसवला की विषय मिटला, असं नाही. डबल कार्डन जॉइंट नीट चालायचा तर अ‍ॅक्सलचं नाक, म्हणजे पिनियन, जवळजवळ ट्रान्सफर केसकडे रोखलेलं हवं. मागच्या अ‍ॅक्सलला ते सहज वळवता येतं. पुढच्या अ‍ॅक्सलला मात्र स्टिअरिंगचे नकल त्याच घरावर बसलेले असतात, त्यामुळे पिनियन वर वळवलं की कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. कॅस्टर कमी झाला की गाडी सरळ चालत नाही, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप जागेवर येत नाही, हमरस्त्यावर ती भटकते. शाफ्टला हवा तो कोन आणि स्टिअरिंगला हवा तो कोन यांची इथे ओढाताण असते. चांगला मिस्त्री कंट्रोल आर्म फिरवून मधला मार्ग काढतो. शाफ्ट थोडा तिरका सोसतो आणि स्टिअरिंग शाबूत ठेवतो. जो नुसता शाफ्ट बदलून किल्ली हातात देतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

‘डीलरनेच बसवलं, म्हणजे कंपनीची जबाबदारी,’ हाही तितकाच पसरलेला समज. डीलर हा स्वतंत्र व्यापारी असतो. त्याने बाहेरचं किट बसवलं असेल, तर त्या किटची वॉरंटी किट बनवणाऱ्याची आणि कामाची हमी डीलरची. गाडीच्या कंपनीने काहीच कबूल केलेलं नसतं. कंपनीच्या मोपार विभागाने विकलेलं २ इंची किट ही वेगळी गोष्ट आहे. आणि ३५ इंची टायर व ४.५६ गुणोत्तर कारखान्यातूनच देणाऱ्या रँग्लरच्या एक्स्ट्रीम रेकॉन पॅकेजमध्ये तर उंची आणि कोनांचा हिशेब कंपनीनेच केलेला असतो. ज्याला वॉरंटीची खरोखर काळजी आहे त्याने पहिल्याच दिवशी हा पर्याय पाहावा. जास्तीचे पैसे भरून घेतलेली ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ बहुधा वेगळा सेवा करार असतो. उंच केलेल्या गाड्या वगळणारं कलम त्यात आहे का, हे सही करण्याआधी वाचावं.

दावा नाकारला गेला तर नकार लेखी मागावा आणि कोणता भाग कशामुळे गेला, हे त्यात लिहून घ्यावं. ‘गाडी मॉडिफाइड आहे’ हे कारण पुरेसं नाही. बूट, शाफ्ट आणि आजूबाजूच्या भागांचे फोटो दुरुस्तीआधी काढावेत, जुना शाफ्ट टाकून देऊ नये. मॅग्नुसन-मॉसखाली खटला जिंकणाऱ्या ग्राहकाला न्यायालय वकिलाची वाजवी फीही मिळवून देऊ शकतं, त्यामुळे खरोखर अन्याय झाला असेल तर लढणं परवडतं.

हे सगळं अमेरिकेचं. रँग्लर २०२१ पासून पुण्याजवळ रांजणगावला जुळवली जाते, थार नाशिकला बनते आणि लिफ्ट किटची हौस आता इथेही आहे. पण अमेरिकन कायद्याचा हवाला इथल्या काउंटरवर चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थच कायम केला. कलम १८२-अ खाली बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८७ मध्येही, हानी झाली तेव्हा वस्तूत फेरफार केलेला असेल तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा दावा लावता येत नाही, असं म्हटलं आहे. थारच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे लिफ्टचा पहिला ताण लांब शाफ्टवर येत नाही, तो चाकांकडे जाणाऱ्या दोन आखूड शाफ्टवर आणि त्यांच्या बूटवर येतो. इथल्या गॅरेजमध्ये किट बसवून घेणाऱ्याने आधी ते बूट पाहून घ्यावेत आणि दर सर्व्हिसिंगला गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबत असताना, पुन्हा पाहावेत.