इंग्लंडमध्ये जीपीकडे कसे जावे?

जीपी : एनएचएस या सरकारी आरोग्य सेवेचे फॅमिली डॉक्टर. तपासणी मोफत.

• नोंदणी : घराजवळच्या दवाखान्यात, ऑनलाइन किंवा फॉर्म भरून. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवण्याची सक्ती नाही.

• वेळ : सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते सायंकाळी ६.३०. अपॉइंटमेंट फोनवर, ऑनलाइन किंवा प्रत्यक्ष जाऊन.

• भाषा : दुभाषी मोफत. अपॉइंटमेंट घेतानाच मागावा.

• तज्ज्ञ डॉक्टर : सहसा जीपीच्या चिठ्ठीनंतरच.

• फार्मसी फर्स्ट : ३१ जानेवारी २०२४ पासून. घसादुखी, नागीण, कीटकदंश अशा ७ तक्रारींवर फार्मासिस्ट तपासून गरजेनुसार औषध देतात. जीपीची चिठ्ठी लागत नाही.

• दवाखाना बंद असताना : तातडीच्या सल्ल्यासाठी १११. जिवाला धोका असल्यास थेट ९९९.