सायकल सोडू नका, वाट बदला

आपल्या घरातील सत्तरीची व्यक्ती रोज सकाळी सायकल घेऊन बाहेर पडत असेल, तर तिचे कौतुक करावे तितके थोडेच. मात्र ती कोणत्या वाटेने आणि किती वाजता जाते, हे आपण कधी विचारले आहे का? डॉक्टर असूनही मी ते विचारले नव्हते.

मासवणच्या एका काकांना मधुमेहासाठी सायकलचा सल्ला मीच दिला होता. साखर आटोक्यात आली. पण थंडी सुरू होताच खोकला व धाप मागे लागली. औषधे बदलूनही उतार पडेना. अखेर एका पहाटे मी त्यांच्याबरोबर सायकल काढली. सूर्या नदीजवळून निघालो तेव्हा हवा प्रसन्न होती. बोईसरच्या बाजूला सरकू लागलो तशी मालमोटारींची रांग, कडेला धुमसणारा कचरा आणि नाकाला झोंबणारा उग्र दर्प. काका म्हणाले, “डॉक्टर, आता सवय झाली आहे.” परतलो तेव्हा माझाही घसा खवखवत होता.

वाचकहो, सवय नाकाला होते, फुप्फुसांना नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. या निर्देशांकात हवेबरोबर पाणी आणि जमीनही विचारात घेतात.

स्वस्थ बसलेले असताना आपण मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो; सायकल चालवताना त्याच्या कित्येक पट. धाप लागली की तोंडाने श्वास घेतला जातो आणि नाकाची नैसर्गिक गाळणी टळते. २.५ मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात आणि हृदयावरही ताण आणतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड व जड असल्याने धूर वर जात नाही, तिथेच साचतो.

म्हणून थंडीच्या दिवसांत ऊन चढल्यावर बाहेर पडावे. हमरस्ता टाळून गावातील आतली, झाडीची वाट धरावी. ‘समीर’ या ॲपवर जवळच्या केंद्राचा हवा निर्देशांक पाहावा. तो २०० च्या वर असेल, तर व्यायाम घरातच करावा. दमा किंवा हृदयविकार असल्यास १०० च्या वरही बेताने घ्यावे. कापडी रुमाल हे बारीक कण अडवत नाही. एन-९५ मुखपट्टी कण अडवते, विषारी वायू नाही. शिवाय ती लावून जोराची सायकल वृद्धांना झेपत नाही.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर केवळ हवेला दोष देऊन थांबू नये. क्षयरोगासह इतर कारणे तपासून घ्यावीत. छातीत दुखणे, ओठ निळसर होणे किंवा बोलताना धाप लागणे, यांपैकी काहीही दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

काकांच्या तपासणीत श्वासनलिका आकुंचन पावत असल्याचे आढळले. श्वासातून घ्यायचे औषध सुरू केले, वेळ नऊनंतरची ठरवली आणि वाट नदीकाठची. धाप ओसरली, सायकल सुटली नाही.

आज संध्याकाळी आपल्या आईवडिलांजवळ बसा आणि त्यांची सकाळची वाट समजून घ्या. औषधाच्या चिठ्ठीवर मी आता तीही लिहून घेतो.