एकवीस झोक्यांचे गाणे

'सार्वजनिक' या शब्दाची किंमत आमच्या वाचकांना वेगळी सांगण्याची गरज नाही. जागा सार्वजनिक आहे असे कागदावर लिहिणे सोपे असते. तिथे कोणीही येऊन हात लावू शकतो काय, हा खरा प्रश्न! म्हणूनच कॅनडातील माँट्रियल शहरात २०११ साली भर रस्त्याकडेला लागलेल्या २१ झोक्यांची दखल आम्हास घ्यावीशी वाटते.

मूना आंद्राओस आणि मेलिसा मोंजिया या दोन कलावंत स्त्रियांची ही रचना. झोका हलला की स्वर वाजतो. कुठला पियानोचा, कुठला गिटारचा, कुठला हार्पचा, तर कुठला व्हायब्राफोनचा. एकट्याने कितीही जोर लावला तरी त्याच्या वाट्याला मोजकेच स्वर येतात. शेजारच्यांचे हेलकावे त्याच्याशी जुळले की मगच काही धुना उमटतात, त्या एकट्याला वाजवताच येत नाहीत. संगीतकार सोबत होताच, पण सहकार्य म्हणजे काय हे समजून घेण्यासाठी या दोघींनी प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या लुक-आलँ जिराल्दो या शास्त्रज्ञालाही सोबत घेतले. आम्हाला हे फार महत्त्वाचे वाटते.

जागाही पाहा. एका अंगाला संगीतसभागृहांचा मोठा परिसर, दुसऱ्या अंगाला विद्यापीठाच्या विज्ञान विभागाच्या इमारती. सभागृहात तिकीट लागते, आत गप्प बसावे लागते, टाळी कधी वाजवायची हेसुद्धा ठाऊक असावे लागते. कलेची मक्तेदारी अशीच तयार होते. बाहेरच्या झोक्याला यातले काहीच लागत नाही. शाळकरी पोर आणि ऑफिसातून सुटलेला साहेब शेजारी बसतात, आणि धून हवी असेल तर साहेबाला पोराच्या लयीत यावे लागते.

पण हे झोके मोसमी. वसंतात लागायचे, नंतर काढून नेले जायचे. याउलट न्यूयॉर्कच्या हेराल्ड स्क्वेअर या भुयारी रेल्वेस्थानकात ख्रिस्तोफर जॅनी यांनी १९९५ साली फलाटावरच, रोजच्या कामकरी माणसाच्या वाटेत, डोक्यावर हिरवे दांडे बसवले. हात वर करून प्रकाशकिरण अडवला की आवाज निघतो. रुळांपलीकडच्या फलाटावरही तसाच दांडा असल्याने समोरचा अनोळखी प्रवासी उत्तर देऊ शकतो. गाडी येईपर्यंत दोघांची जुगलबंदी! मात्र लहान मुलाला आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला तो दांडा उंच पडतो. त्यांच्यासाठी एखादा खाली बसवायला काय हरकत होती?