आतड्याच्या कर्करोगाच्या मृत्युदरातील प्रादेशिक तफावत व कल : पूर्व विदर्भाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

रोगाचा भूगोल हा भूगोलशास्त्राचा तुलनेने दुर्लक्षित राहिलेला विषय आहे. पर्जन्यमान, पीकरचना किंवा लोकसंख्येची घनता यांचे नकाशे आपण वर्गात नित्य शिकवितो. मात्र एखाद्या आजाराने होणारे मृत्यू कोठे अधिक व कोठे कमी आहेत आणि काळाच्या ओघात हे चित्र कसे बदलते, याचा नकाशा क्वचितच फळ्यावर येतो. प्रस्तुत लेखात मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाचा या दृष्टीने विचार केला आहे. वैद्यकीय व्यवहारात यास ‘कोलोरेक्टल कॅन्सर’ म्हणतात. पुढील विवेचनात सोयीसाठी ‘आतड्याचा कर्करोग’ ही संज्ञा वापरली आहे.

हा विषय निवडण्यामागे एक वैयक्तिक कारणही आहे. प्रस्तुत लेखकाच्या नात्यातील एक शेतकरी गृहस्थ शौचावाटे रक्त जात असल्याने सुमारे दोन वर्षे मूळव्याधीचे औषध घेत होते. नागपूरला निदान झाले तेव्हा रोग यकृतापर्यंत पोहोचला होता. त्यांचे घरीच निधन झाले आणि मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून ‘अशक्तपणा’ असा शब्द आला. जो मृत्यू कर्करोगाने झाला तो कर्करोगाच्या कोणत्याच आकडेवारीत नाही, ही बाब या लेखाच्या मुळाशी आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. आतड्याच्या कर्करोगाच्या मृत्युदरातील जागतिक व भारतीय प्रादेशिक तफावत स्पष्ट करणे.
२. मृत्युदराच्या कलामागील कारणांचा शोध घेणे.
३. ‘कमी दर’ या आकड्याचा अर्थ भंडारा जिल्ह्यासारख्या प्रदेशात कसा लावावा, याची चर्चा करणे.

माहितीचे स्रोत व काही संकल्पना

प्रस्तुत विवेचन दुय्यम स्रोतांवर आधारित आहे. यात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे जागतिक अंदाज, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचे अहवाल आणि प्रसिद्ध झालेले संशोधन यांचा समावेश आहे.

दोन संकल्पना प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. एका वर्षात नव्याने आढळलेल्या रुग्णांचे प्रमाण म्हणजे आपातदर. त्या रोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण म्हणजे मृत्युदर. रोग किती जणांना होतो आणि झालेल्यांपैकी किती जण वाचतात, या दोन्ही गोष्टी मृत्युदरात मिसळलेल्या असतात. दुसरी संकल्पना वय-समायोजित दराची. हा रोग प्रामुख्याने उतारवयात होतो. केरळात वृद्धांचे प्रमाण अधिक व बिहारात कमी असल्याने दोन्ही राज्यांतील कच्चे दर शेजारी ठेवल्यास फसगत होते. म्हणून दोन्ही लोकसंख्यांची वयोरचना एकसारखी आहे असे गृहीत धरून दर पुन्हा काढतात. प्रादेशिक तुलना याच दराने करावयाची असते.

जागतिक चित्र

२०२२ च्या अंदाजानुसार जगात आतड्याच्या कर्करोगाचे सुमारे १९ लाख २६ हजार नवे रुग्ण आढळले व सुमारे ९ लाख ४ हजार मृत्यू झाले. आपाताच्या दृष्टीने हा तिसऱ्या क्रमांकाचा, तर मृत्यूच्या दृष्टीने फुप्फुसाच्या कर्करोगाखालोखाल दुसऱ्या क्रमांकाचा कर्करोग आहे. युरोप, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व उत्तर अमेरिका येथे आपातदर उच्च आहे. दक्षिण आशिया व आफ्रिकेचा बराच भाग येथे तो कमी आहे. मृत्युदराचा नकाशा मात्र हुबेहूब तसाच नाही. ऑस्ट्रेलियात रोग पुष्कळ, पण त्या मानाने मृत्यू कमी. पूर्व युरोपात मात्र मृत्युदर जगातील सर्वोच्च दरांमध्ये मोडतो. ज्या देशांत निदान लवकर होते व शस्त्रक्रिया वेळेवर मिळते तेथे हे दोन नकाशे एकमेकांपासून दूर जातात.

अमेरिकेतील कल या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील मृत्युदर १९७० मध्ये लाखामागे २९.२ होता, तो २०२० मध्ये १२.६ पर्यंत उतरला. शौचातील अदृश्य रक्ताची तपासणी, दुर्बिणीद्वारे आतड्याची तपासणी, धूम्रपानातील घट व उपचारांतील सुधारणा ही यामागील प्रमुख कारणे होत. परंतु हा लाभ सर्वत्र सारखा पोहोचला नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्याचा प्रदेश अधिक मृत्यूंचा पट्टा म्हणून पुढे आला. १९७० च्या दशकारंभी याच गरीब, ग्रामीण प्रदेशातील मृत्युदर उर्वरित देशापेक्षा १८ टक्क्यांनी कमी होता. २००९ ते २०११ या काळात तो ४० टक्क्यांनी अधिक झाला. म्हणजे आज कमी दर असलेला प्रदेश उद्याही सुरक्षित राहील, असे गृहीत धरता येत नाही.

भारतातील प्रादेशिक तफावत

भारतात २०२२ मध्ये या रोगाचे सुमारे ७० हजार नवे रुग्ण व सुमारे ४० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. लोकसंख्येच्या मानाने हे दर जागतिक सरासरीपेक्षा पुष्कळच कमी आहेत. मात्र मृत्यूंचे नव्या रुग्णांशी असलेले प्रमाण पाहिल्यास चित्र पालटते. अमेरिकेत हे प्रमाण साधारण एक तृतीयांश, जगात निम्म्याहून किंचित कमी, तर भारतात निम्म्याहून अधिक आहे. हे माप ढोबळ असले तरी त्याचा रोख स्पष्ट आहे. आपल्याकडे रोग कमी जणांना होतो, पण ज्यांना होतो त्यांपैकी अधिक जण दगावतात.

देशांतर्गत तफावतही मोठी आहे. मिझोराममधील ऐझॉल व केरळातील तिरुवनंतपुरम येथे आतड्याच्या कर्करोगाचे दर वरच्या पातळीवर आढळतात. महाराष्ट्रातील ग्रामीण नोंदण्यांमध्ये ते खालच्या पातळीवर आहेत. आहारातील तंतुमय पदार्थांचे अधिक प्रमाण व मांसाहाराचे कमी प्रमाण हे यामागील एक कारण मानले जाते. डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये आफ्रिकेतील निरीक्षणांवरून तंतुमय आहाराचा हा विचार मांडला. प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये दिला. मद्य, तंबाखू, स्थूलता व बैठी जीवनशैली यांचाही संबंध सिद्ध झालेला आहे. जपानमधून हवाईत स्थायिक झालेल्या कुटुंबांमध्ये हा रोग वाढल्याचे १९६० च्या दशकातच दिसून आले होते. हा बदल केवळ वंशाने समजावून सांगता येत नाही. राहणीमानाचा वाटा त्यात मोठा आहे.

महाराष्ट्र : नोंदणीचा प्रकाश व त्याबाहेरचा अंधार

कर्करोगाच्या नोंदणीत महाराष्ट्राचे स्थान अग्रगण्य आहे. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत सुरू केली. पुढे पुणे, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व नागपूर येथे हे कार्य विस्तारले. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावोगाव जाऊन कार्यकर्त्यांनी लोकांना लक्षणे समजावून सांगितली व संशयित रुग्णांना रुग्णालयापर्यंत आणले.

राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात २०१२ ते २०१६ या काळातील २८ नोंदण्यांची माहिती आहे. पुरुषांमध्ये सर्व प्रकारच्या कर्करोगांचा वय-समायोजित आपातदर ऐझॉल येथे लाखामागे २६९.४, तर तत्कालीन उस्मानाबाद (आताचे धाराशिव) व बीड येथे केवळ ३९.५ होता. देशातील नीचांक आपल्याच राज्यात आहे. हा नीचांक निरोगीपणाचा, की निदानच न झाल्याचा? केवळ आपातदर पाहून याचे उत्तर मिळत नाही.

उत्तराचा एक धागा मृत्यूंच्या अभ्यासात सापडतो. राजेश दीक्षित व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात घरोघरी जाऊन कुटुंबीयांकडून मृत्यूपूर्वीची लक्षणे विचारली गेली व त्यावरून मृत्यूची कारणे ठरविली गेली. ३० ते ६९ या वयोगटात कर्करोगाचा मृत्युदर ग्रामीण पुरुषांत लाखामागे ९५.६ व नागरी पुरुषांत १०२.४ आढळला, स्त्रियांमध्ये तो अनुक्रमे ९६.६ व ९१.२ होता. म्हणजे नोंदण्यांमध्ये खेड्यातील आपात शहरापेक्षा पुष्कळ कमी दिसतो, पण मृत्यू जवळपास सारखेच होतात. शिवाय अल्पशिक्षितांमधील मृत्युदर उच्चशिक्षितांच्या सुमारे दुप्पट होता. हे आकडे सर्व कर्करोगांचे आहेत, केवळ आतड्याचे नाहीत. आणि दोन्ही मोजण्यांच्या पद्धती भिन्न आहेत. तरीही ग्रामीण भागातील ‘कमी दरा’कडे सावधपणे पाहावे, हे सांगण्यास ते पुरेसे आहेत.

भंडारा जिल्ह्याचे स्थान

उपरोक्त २८ नोंदण्यांमध्ये विदर्भातील नागपूर व वर्धा यांचा समावेश होता. भंडारा जिल्ह्याचा नव्हता. साकोलीहून नागपूर सुमारे १०० किलोमीटर अंतरावर असल्याने येथील रुग्ण उपचारासाठी तेथेच जातो. परंतु लोकसंख्याधारित नोंदणी केवळ आपल्या क्षेत्रातील रहिवाशांची गणना करते. म्हणून साकोलीचा रुग्ण नागपूरच्या रुग्णालयाच्या कागदपत्रांत असतो, पण नागपूरच्या दरात नसतो आणि भंडाऱ्याचा दर तर काढलाच जात नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ होती. राष्ट्रीय सरासरी जशीच्या तशी लावल्यास जिल्ह्यात वर्षाला साधारण ६० नवे रुग्ण व ३५ मृत्यू अपेक्षित धरावे लागतील. ही मोजणी नव्हे, केवळ अंदाज आहे. प्रत्यक्ष संख्या याहून कमी वा अधिक असू शकेल. पण दरवर्षी तीस-पस्तीस घरांतील दुःखाची नोंद ठेवणारी वही जर नसेल, तर ती संख्या वाढते आहे की घटते आहे, हे कोण सांगणार? कलाचा अभ्यास मोजणीपासून सुरू होतो.

विलंबाची कारणे

या रोगाचे वैशिष्ट्य असे की तो बहुधा आतड्याच्या आतील अस्तरावर उगवणाऱ्या कोंबासारख्या लहान वाढीपासून, म्हणजे ‘पॉलिप’पासून सुरू होतो. पॉलिपचे कर्करोगात रूपांतर होण्यास सामान्यतः दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. या काळात ती वाढ दुर्बिणीतून काढून टाकल्यास रोगच टळतो. इतका अवधी देणारे कर्करोग थोडेच. असे असूनही आपल्याकडे निदानास विलंब का होतो?

पहिले कारण म्हणजे लक्षणांची गल्लत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात निम्म्याहून अधिक रुग्णांची तक्रार गुदमार्गे रक्तस्रावाची होती. आपल्या भागात रक्त दिसले की ‘मूळव्याध’ हे निदान घरातच होते. महामार्गालगतच्या भिंतींवर मूळव्याध-भगंदराच्या खात्रीशीर इलाजाच्या जाहिराती असतातच. संकोचामुळे तपासणी टळते. स्त्रियांच्या बाबतीत तर ती अधिकच टळते.

दुसरे कारण पूर्व विदर्भाशी विशेष निगडित आहे. आतड्यातून नकळत रक्त झिरपत राहिल्यास रक्तक्षय होतो. या भागात सिकलसेल व पोषणाअभावी होणारा रक्तक्षय पूर्वापार आढळत असल्याने फिकटपणा व थकवा यांचे नवल वाटत नाही. परंतु पन्नाशीच्या पुरुषास लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय होणे ही आतड्याच्या तपासणीची सूचना असते. लोहाच्या गोळ्यांनी तो तात्पुरता झाकला जातो.

तिसरे कारण वयाविषयीच्या समजुतीचे. टाटा स्मारकातील उपरोक्त रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ होते. यावरून भारतीयांना हा रोग लवकर होतो असा निष्कर्ष घाईने काढला जातो. वस्तुतः आपली लोकसंख्याच तरुण आहे आणि मोठ्या रुग्णालयात दूरवरून येणाऱ्यांत तरुणांचा भरणा अधिक असण्याचा संभव आहे. तथापि ‘हा म्हाताऱ्यांचा आजार’ म्हणून तरुणाच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे, इतके निश्चित. अमेरिकेतही पन्नाशीच्या आतील व्यक्तींमध्ये हा रोग वाढत असल्याने तेथे तपासणी सुरू करण्याचे वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणले गेले.

उपाययोजनांची दिशा

शौचातील अदृश्य रक्ताची वार्षिक तपासणी केल्यास या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे मिनेसोटा येथील प्रयोगात १९९३ मध्ये सिद्ध झाले. मात्र भारतात शासनाच्या लोकसंख्याधारित तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांचा समावेश आहे, आतड्याचा नाही. आपला आपातदर पाहता सरसकट तपासणी आज परवडणारी नाही, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. तथापि लक्षणे असलेल्या व्यक्तीची तपासणी ही वेगळी बाब होय. तिला नवा निधी नव्हे, तर जागरूकता लागते. चाळिशीनंतर रक्तस्राव, शौचाच्या सवयीत बदल किंवा कारण न सापडणारा रक्तक्षय असल्यास मूळव्याधीचे औषध देण्यापूर्वी डॉक्टरांनी गुदमार्गाची बोटाने तपासणी करणे, ही ग्रामीण रुग्णालयातही शक्य असलेली गोष्ट आहे.

खेड्यात असे कार्य जमत नाही, ही समजूत महाराष्ट्रानेच खोटी ठरविली आहे. बार्शी परिसरातील गावसभांनंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान अधिक लवकरच्या अवस्थेत होऊ लागले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उस्मानाबाद जिल्ह्यातील प्रयोगात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा सहभाग होता; त्यातील ज्या गटाची विषाणू-चाचणी एकदाच झाली, त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आजार वेगळा असला तरी गाव, रस्ते व माणसे आपल्यासारखीच होती.

निष्कर्ष

आतड्याच्या कर्करोगाच्या मृत्युदरातील तफावत ही केवळ आहार व हवामान यांची तफावत नाही. ती निदान, अंतर, शिक्षण व नोंदणी यांचीही आहे. भारतातील कमी दर हे समाधानाचे कारण मानता येत नाही, कारण रुग्णांच्या मानाने मृत्यू अधिक आहेत आणि मिसिसिपी खोऱ्याचा अनुभव सांगतो की कमी दराचा प्रदेश चार दशकांत अधिक दराचा होऊ शकतो. ज्या जिल्ह्यात मोजणीच नाही तेथे हा बदल घडून गेला तरी तो कोणाला कळणार नाही.

या कामी महाविद्यालयांना करता येण्यासारखे एक कार्य आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण गावांचे सर्वेक्षण करतोच. ग्रामपंचायतीची मृत्यूनोंद वाचणे, संबंधित कुटुंबाच्या संमतीने व आरोग्य विभागाच्या मार्गदर्शनाखाली मृत्यूपूर्वीची लक्षणे नोंदविणे, हे विद्यार्थ्यांना शिकविता येईल. त्यातून शास्त्रशुद्ध दर लगेच मिळणार नाही. परंतु ‘अशक्तपणा’ या एका शब्दाखाली काय काय दडले आहे, हे तरी उमजू लागेल. आपल्या तालुक्याचा असा नकाशा भूगोलाच्या वर्गात कधीतरी लागावा, अशी अपेक्षा आहे.