बरा झाला म्हणजे किती बरा झाला?

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडील भागात गिया-बारे या मज्जातंतूंच्या विकाराची साथ उद्भवली. वर्तमानपत्रांतून जीबीएस म्हणून ज्याचे नाव घरोघर गेले तोच हा विकार. शरीराची संरक्षणशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. बहुधा पायांपासून बळ जाऊ लागते, कित्येकांना श्वासयंत्रावर ठेवावे लागते. पुष्कळसे रोगी पुढे सुधारतात. पण 'सुधारला' हे मोजावयाचे कशाने? आम्हा कामगार चळवळीतल्या मंडळींना हा प्रश्न फार जवळचा आहे, कारण माणूस कामावर केव्हा रुजू होणार हे त्यावर ठरते.

डॉक्टर जी मोजपट्टी वापरीत आले ती ह्यूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली एका औषधाच्या चाचणीत योजिली होती. शून्य म्हणजे निरोगी, सहा म्हणजे मृत्यू. मधल्या पायऱ्या अशा: किरकोळ लक्षणे, आधाराविना काही मीटर चालणे, आधाराने चालणे, अंथरुणाला वा खुर्चीला खिळणे, श्वासयंत्र. सोपी, चटकन उरकणारी, म्हणून ती टिकली. पण सारा भर पायांवर! चालत घरी गेलेल्या फिटरला पाना धरवत नसला, शिवणकाम करणाऱ्या बाईंना सुईत दोरा ओवता येत नसला, तरी पायरी तीच.

दुसरा दोष चटकन ध्यानी येत नाही. पगाराच्या श्रेणी घ्या. चौथ्या श्रेणीचा पगार दुसरीच्या दुप्पट असतो असे कोणी मानील काय? येथेही आकडे केवळ क्रम सांगतात. चारावरून तीनवर येणे आणि दोनावरून एकावर येणे ही अंतरे सारखी नव्हेत. तरी त्यांच्या सरासऱ्या काढल्या जातात. असल्या गजाने कापड मोजणाऱ्या दुकानदाराला आपण जाब विचारला असता.

उपाय निघाला तो शाळेच्या वाटेने. डेन्मार्कचे गणिती गेऑर्ग राश यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात बुद्धिमापन व शैक्षणिक चाचण्यांसाठी, प्रश्नाची काठिण्यपातळी आणि माणसाचे सामर्थ्य एकाच पट्टीवर मांडण्याची रीत दिली. तिच्या आधारे २०११ साली २४ कामांची यादी सिद्ध झाली: वर्तमानपत्र वाचणे, दात घासणे, कुलपात किल्ली फिरवणे, जिना, बाजारहाट, आणि अवघड टोकाला तासन् तास उभे राहणे व धावणे. उत्तर रोग्याने स्वतः द्यावयाचे: जमत नाही, कष्टाने जमते, सहज जमते.

मूळ यादीत सँडविच करण्याचाही प्रश्न आहे. आमच्याकडे तेथे भाकरी थापणे घालावे असे कोणालाही वाटेल. मात्र भाकरी सँडविचइतकी सोपी नव्हे! शब्द बदलला की त्या प्रश्नाची पट्टीवरील जागा पुन्हा तपासावी लागते, आणि तीही येथल्याच रोग्यांच्या उत्तरांवरून.