डब्यात न मिळणारी जोंगा: स्टायरीनचे सुटे भाग

मागच्या काही भागांत आपण किटमधले तयार तुकडे जोडून गाड्या केल्या. आज जो तुकडा डब्यात मिळतच नाही, तो घरी कसा बनवायचा ते बघू.

ही वेळ का येते? जर्मन टायगर रणगाडा हवा असेल तर दुकानात कुठला घेऊ असा प्रश्न पडतो. अमेरिकन जीपही सहज मिळते. पण ज्या गाडीत आमच्या पिढीने निम्मी नोकरी काढली, ती जोंगा मला १:३५ मापाच्या एकाही किटात आजवर दिसलेली नाही. जोंगा म्हणजे निसान पेट्रोल पी-६०, परवान्यावर जबलपूरला बनलेली. नावही तिथलंच: ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ची आद्याक्षरं. सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. चढावर ती कधी रडली नाही, पेट्रोल मात्र पाण्यासारखं प्यायची.

आता त्या गाड्या लिलावात गेल्या. हौशी लोकांनी त्या घेतल्या, प्रेमाने सांभाळल्या, पण कुणी डिझेल इंजिन बसवलं, कुणी बंपर बदलला, कुणी चकचकीत चाकं लावली. इंटरनेटवर फोटो दिसतात ते बहुतेक याच गाड्यांचे. त्यावरून मॉडेल केलं तर ते लिलावानंतरच्या जोंगाचं होईल, फौजेतल्या नव्हे. म्हणून कटर हातात घेण्याआधी माप.

माप जुन्या फोटोतून काढता येतं. फोटोत ज्याचं खरं माप ठाऊक आहे अशी एखादी वस्तू शोधा. वीस लिटरचा जेरीकॅन उत्तम. त्याची उंची साधारण ४७० मिलिमीटर, रुंदी ३४५, जाडी १६५. टायरवर १६ आकडा वाचता आला तर रिमचा व्यास १६ इंच, म्हणजे ४०६ मिलिमीटर. ३५ने भागा, ११.६. एवढं कळलं की त्याच अंतरावरच्या इतर गोष्टींचं माप त्रैराशिकाने निघतं. फोटो शक्यतो बाजूने, सरळ घेतलेला हवा. तिरक्या फोटोत जवळचं चाक मोठं दिसतं आणि हिशोब फसतो. खरी गाडी मोजायची असेल तर संग्रहालयात जा; अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम माझ्या विशेष आवडीचं, रणगाडे करणाऱ्यांनी तर ते पाहावंच. आणि एक सक्त सूचना: छावणीच्या गेटसमोर टेप आणि कॅमेरा काढून उभे राहू नका. पहारेकऱ्याला तुमचा छंद समजावून सांगत बसण्यात दिवस जाईल.

आता माल. स्टायरीन म्हणजे पॉलिस्टायरीन, किटमधलं प्लॅस्टिक तेच. मॉडेलच्या दुकानात एव्हरग्रीनची पानं मिळतात: पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर जाडीची. महाग वाटली तर पॅकेजिंगचे ट्रे बनवणाऱ्यांकडे ‘हिप्स’ शीट मागा, तेही स्टायरीनच. घरातल्या डब्यावर त्रिकोणात ६ आकडा असेल तर तोही चालेल. सीडीची पारदर्शक डबीसुद्धा साधारण याच कुळातली, पण ठिसूळ; वळवायला गेलात की तडकते. सनबोर्ड मात्र नको. तो दिसतो तसाच, पण बहुधा पीव्हीसीचा फोम असतो आणि आपल्या सिमेंटने नीट जुळत नाही.

स्टायरीन आरपार कापायचं नसतं. पोलादी पट्टी धरून कटरने दोन-तीनदा हलकी रेघ ओढा, मग रेघ वरच्या बाजूला ठेवून दोन्ही कडा खाली दाबा. कट्‌ असा आवाज येतो आणि कड सरळ तुटते. जोर लावाल तर पट्टी सरकेल, आणि पट्टी सरकली की पुढे बोट असतं.

जोडायला मॉडेलचं पातळ सिमेंट. ते डिंकासारखं चिकटवत नाही. दोन्ही कडांचं प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करतं आणि उडून जातं. म्हणजे हे एक प्रकारचं वेल्डिंगच. तुकडे आधी गुण्याला लावून काटकोनात धरा, ब्रशचं टोक फटीला टेकवा, सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. खिडकी उघडी ठेवा, आणि त्या टेबलावर मेणबत्ती अजिबात नको. ही वाफ पेट घेते. मी ईएमईत होतो, त्यामुळे हे वाक्य मी प्रत्येक भागात म्हणणार.

याच वाफेची दुसरी खोडी फार कमी लोक सांगतात. जोंगाचा मागचा खोका चारही बाजूंनी बंद केलात, किंवा जाडीसाठी चार पानं एकावर एक चिकटवलीत, तर सिमेंट आत अडकतं. आज सगळं सरळ दिसतं, आणि काही महिन्यांनी, रंग झाल्यावर, पत्रा आत बसतो. म्हणून न दिसणाऱ्या बाजूला भोक पाडा, आत आडव्या भिंती द्या, आणि चार-पाच दिवस त्याला हात लावू नका.

जाडीचा हिशोब ऐका. जोंगाचा पत्रा एक मिलिमीटर धरला तर १:३५मध्ये तो ०.०३ होतो. आपलं सर्वांत पातळ पान ०.२५चं. त्याला ३५ने गुणा: पावणेनऊ मिलिमीटर! म्हणजे आपण जोंगाला चिलखतच चढवतोय. उपाय असा, की पत्र्याची जी कड डोळ्याला दिसते तेवढीच आतून पॉलिशपेपरने तिरकी घासायची. मडगार्डची कड, टेलगेटची वरची धार. बाकी जाडी कुणाला दिसत नाही.

मडगार्डच्या गोलाईसाठी पान योग्य व्यासाच्या नळीवर टेपने घट्ट गुंडाळा, उकळत्या पाण्यात मिनिटभर धरा, लगेच गार पाण्यात. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ होतं, म्हणून उकळतं पाणी पुरतं. भांडं वेगळं ठेवा, चहाचं पातेलं घेतलंत तर घरातली कोर्ट ऑफ इन्क्वायरी मी थांबवू शकणार नाही. एरियलसाठी किटच्या सांगाड्याची काडी मेणबत्तीवर मऊ करून ओढा, केसाएवढी तार निघते. हे काम दुसऱ्या खोलीत.

१०६ मिलिमीटरची आरसीएल तोफ लावणार असाल तर एक गंमत. नाव १०६, पण नळीचा खरा व्यास १०५. आधीच्या १०५च्या तोफेशी दारूगोळ्याची गल्लत होऊ नये म्हणून नाव बदललेलं. ३५ने भागलं की बरोबर ३. तीन मिलिमीटर आतला व्यास असलेली नळी आणा, काम झालं.

जोंगा जवळपास तयार झाली तेव्हा मी फोटो राजस्थानात माझ्याबरोबर गाडी चालवलेल्या हवालदारांना पाठवला. आता ते हरियाणात शेती करतात. पाच मिनिटांत फोन आला. “साब, बहुत बढ़िया। पर छागल कहाँ टाँगोगे?”

छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. बाहेर झिरपणारं पाणी वाऱ्याने उडतं आणि आतलं गार राहतं. ती गाडीला बाहेर टांगलेली असायची, आणि तिच्यासाठीचा हुक युनिटच्या लोहाराने लावलेला. कुठल्याही ड्रॉइंगमध्ये तो सापडणार नाही. केवढा होता, विचारलं. म्हणाले, “चार उँगली, साब.” चार बोटं म्हणजे साधारण ७५ मिलिमीटर, आपल्या मापात दोनच्या जरा वर. पाव मिलिमीटरच्या पानातून केसासारखी पट्टी कापली, गरम सुईने टोक वळवलं, डाव्या बाजूला लावली. पिशवी टिश्यूपेपर आणि पातळ फेव्हिकॉलची.

पुढच्या भागात या जोंगाला रंग देऊ. फौजेचा हिरवा नेमका कुठला, यावर वाद आहेत, तेव्हा तो भाग थोडा मोठा होईल.