टेनेसीचा ट्रॅक आणि पालघरच्या पोरी

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ४ × १०० मीटर रिले जिंकणाऱ्या अमेरिकेच्या चारही मुली एकाच कॉलेजच्या: टेनेसी स्टेट, कृष्णवर्णीयांसाठी निघालेलं विद्यापीठ. विल्मा रुडॉल्फ त्यातलीच. एड टेंपल या प्रशिक्षकाने तुटपुंज्या पैशात ४० ऑलिंपियन घडवले!

मग आपल्या पालघरच्या कॉलेजांनी क्रिकेटच्या किटवरच खर्च का करावा? जव्हार-मोखाड्याच्या चढांवर वाढलेल्या वारली, कोकणा पोरींचा दम बघा की. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य घेऊन आली. सावरपाडाही आदिवासी पाडाच.

पैसा? कंपनी कायद्यानुसार ठरावीक नफ्यावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण त्या यादीत आहे. बोईसर-तारापूरची एमआयडीसी तर दारातच. पण टी-शर्ट वाटून फोटो नकोत. एक पूर्णवेळ प्रशिक्षक, वसतिगृहात सकाळी अंडी-केळी, मापाचे स्पाइक्स. उसने, दोन नंबर मोठे बूट पुढे कापूस कोंबून घालणारी मुलगी मी शर्यतीत पाहिलीय. दुसऱ्या फेरीनंतर तिने ते काढून कडेला ठेवले आणि अनवाणीच पळाली. तिसरी आली.